यशवंत घाडग्यांचा पत्ता

मुंबई-गोवा रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने माणगावला कधी ना कधी शिव्या घातलेल्या असतात. गाड्यांची रांग लागते, पाऊण तास हलत नाही, आणि तेवढ्या वेळात या गावात बघण्यासारखं काही असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. आमच्या लहानपणी माणगावला जायचं कारण एकच, मामलेदार कचेरी. वडील सातबाऱ्यासाठी रांगेत उभे राहायचे आणि मी बाहेर पुतळ्यापाशी शेंगदाणे सोलत बसायचो. पुतळा कुणाचा, तर घाडग्यांचा. ते कोण, तर लढाईत गेले, फार मोठं पदक मिळालं. यापलीकडे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

साठी उलटल्यावर विचारायची वेळ आली ती आत्यामुळे. माझी मुलगी इटलीत पेरूजा नावाच्या गावी शिकायला गेली. तिला भेटायला मी आणि बायको निघणार होतो. पाया पडायला आत्याकडे गेलो. आत्या नव्वदीला टेकली आहे. तिचं सासर पळसगावापासून हाकेच्या अंतरावर, आणि पळसगाव हे घाडग्यांचं गाव. इटली म्हटल्यावर ती एकदम म्हणाली, "मग घाडग्याच्या समाधीला हात लावून ये. आपल्याकडचं कोण जात असंल तिकडं?"

मी हो म्हणून बसलो. समाधी कुठे आहे हे मला ठाऊक नव्हतं.

शोधायला बसलो तेव्हा वाटलं होतं, एवढा व्हिक्टोरिया क्रॉसवाला, म्हणजे लढाईतल्या पराक्रमाचं ब्रिटिशांचं सर्वांत मोठं पदक मिळालेला माणूस, पाच मिनिटांत सापडेल. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन ही संस्था दोन्ही महायुद्धांत मेलेल्या ब्रिटिश आणि तेव्हाच्या साम्राज्यातल्या सैनिकांच्या नोंदी ठेवते. त्यांच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतं. नाव टाका, पलटण टाका, देश टाका, बस्स. अडचण नावाचीच. मराठी नावं इंग्रज कारकुनांनी कानाला लागतील तशी लिहिली. दुसरे मराठा व्हिक्टोरिया क्रॉसवाले नामदेव जाधव. त्यांचं आडनाव काही कागदांत 'जाधव' होईल असं आहे, तर काहींत शेवटी ओ लावून 'जाधाओ'. पलटणीच्या नावातसुद्धा मराठाच्या मध्ये एक जास्तीचा 'ह' घुसवलेला, 'माहरट्टा'. शिवाय कित्येक हिंदी सैनिकांची नावं आडनावाऐवजी पहिल्या नावाने लावलेली असतात. तुमच्या घरातलं कुणी शोधायचं असेल तर दोन्ही बाजूंनी शोधा, आणि स्पेलिंगची जिद्द सोडा. पलटणीचं नाव आणि मृत्यूची तारीख एवढं हाताशी असेल तर काम लवकर होतं.

पलटणीच्या बाबतीतही मी आधी फसलो. घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये नाईक या हुद्द्यावर होते. आजच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या यादीत मी तिसरी बटालियन शोधत राहिलो, आणि ती तिथे नाहीच. ती १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली. आज तिला २ पॅरा म्हणतात.

शेवटी नोंद मिळाली. नाईक यशवंत घाडगे, मृत्यू १० जुलै १९४४. खाली ठिकाण, कॅसिनो मेमोरियल. मी खूश. रोमपासून आगगाडीने दोनेक तासांवर कॅसिनो, म्हणजे एका दिवसात जाऊन येता येईल. बायकोला सांगितलं, समाधी सापडली. मेमोरियल या शब्दाकडे माझं लक्षच नव्हतं. दोन दिवसांनी दुसऱ्या एका सैनिकाची नोंद बघताना खाली 'सिमेट्री' दिसलं आणि डोक्यात प्रकाश पडला. या संस्थेच्या भाषेत सिमेट्री म्हणजे तिथे कबर आहे. मेमोरियल म्हणजे कबर कुठे आहे ते माहीत नाही, म्हणून दगडावर नाव कोरलेलं आहे. कॅसिनो मेमोरियलवर इटलीच्या मोहिमेतली अशी चार हजारांवर नावं आहेत.

म्हणजे समाधी नव्हतीच. आणि आत्याला मी हो म्हटलं होतं.

जायच्या आधी एकदा परत तिच्याकडे गेलो, हे सांगायला. पण तिने त्याआधीच रुमालात बांधलेली माती पुढे केली. पळसगावची. कुणाकडून तरी मुद्दाम आणवली होती. "तिथं टाक," म्हणाली. माझं सांगणं घशातच राहिलं. त्याऐवजी मी मोबाइलवरून घाडग्यांचं मानपत्र तिला वाचून दाखवलं. इंग्रजीतलं, एका परिच्छेदाचं, नोव्हेंबर १९४४ मध्ये लंडनच्या राजपत्रात छापून आलेलं. वाचता वाचता मराठी करत गेलो.

कंपनीने शत्रूच्या भक्कम ठाण्यावर हल्ला चढवला. घाडग्यांच्या हाताखालच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा सुरू झाला. तुकडीतले सगळे मेले किंवा जखमी झाले, उरले एकटे घाडगे. सोबत यायला कुणी नाही हे दिसत असताना ते मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला, त्यात मशीनगन आणि ती चालवणारा गेला. मग टॉमी गनने आणखी एकाला मारलं. अजून दोघं होते. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक उलटी केली, नळीला धरली आणि दस्त्याने दोघांना ठार केलं. तेवढ्यात लपलेल्या बंदूकधाऱ्यांच्या गोळ्या त्यांच्या छातीत आणि पाठीत लागल्या. एकट्याने जिंकलेल्या त्या ठाण्यातच ते मेले. वय बावीस.

आत्या गप्प होती. मग तिने दोन्ही हातांनी मुसळ धरावं तसं काहीतरी हवेत धरलं. "नळीला धरली म्हनतोस?"

"हो."

"तापलेली असंल की रं ती."

मी ते मानपत्र तोवर चार-पाच वेळा वाचलेलं होतं. मला हे सुचलं नव्हतं.

माती मात्र नेता आली नाही. युरोपात बाहेरच्या देशांतली माती न्यायला बंदी आहे. किडे, बुरशी, झाडांचे रोग त्यातून जातात म्हणून. बायको म्हणाली, चिमूटभर तर आहे, कोण बघतंय. मी सरकारी नोकरीत तीस वर्षं काढलेला माणूस, माझ्याने ते होईना. ती माती आज पनवेलला आमच्या तुळशीत आहे. व्हिसा, विमान वगैरे सांगत बसत नाही, त्यात नवं काही नाही.

ऑक्टोबरातली गोष्ट. रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून सकाळची गाडी धरली. कॅसिनोला उतरलो आणि शहाणपणा करून टॅक्सी केली. मुलीने फोनवर दोन शब्द शिकवले होते, 'चिमितेरो मिलितारे', लष्करी दफनभूमी. ड्रायव्हरने मान डोलावली आणि गाडी डोंगर चढायला लागली. वळणं आणि वळणं. वर मठ दिसत होता, मोंते कॅसिनोचा. १५ फेब्रुवारी १९४४ ला दोस्तराष्ट्रांच्या विमानांनी तो पार जमीनदोस्त केला होता. आज आहे तो नंतर पुन्हा बांधलेला. त्यासाठीच्या लढाईत आपली चौथी डिव्हिजन होती, गुरखे त्या कड्यावर जाऊन अडकून पडले होते. हे सगळं मी बायकोला अगदी गाइडच्या थाटात सांगत होतो. टॅक्सी थांबली. उतरून बघतो तर पायऱ्या-पायऱ्यांवर पांढऱ्या कबरी आणि दगडी गरुड. पोलंडची दफनभूमी.

चूक त्याची नव्हती. बहुतेक लोक तीच बघायला येत असणार. डोंगर शेवटी जिंकला तो पोलिश सैन्याने, मे महिन्यात. त्यांचे सेनापती आंदर्स १९७० मध्ये वारले, त्यांनाही आपल्या सैनिकांजवळ इथेच पुरलं आहे. बायको म्हणाली, "आलोच आहोत तर नमस्कार करू." केला. तिथे मात्र मी गाइडगिरी बंद केली.

खाली उतरून कॉमनवेल्थची दफनभूमी शोधली. गावाबाहेर, सांत आंजेलोकडे जाणाऱ्या रस्त्यावर. स्टेशनवरून सरळ चालत आलो असतो तरी चाललं असतं. फाटकाशेजारी भिंतीत एक छोटं कपाट होतं, पितळी दाराचं, कुलूप नसलेलं. आत दफनभूमीचं रजिस्टर आणि भेट देणाऱ्यांसाठी वही. आपल्याकडे कुठल्याही नोंदवहीपर्यंत पोचायचं म्हणजे आधी साहेब जागेवर आहेत का ते बघावं लागतं. इथे भिंत उघडा आणि वाचा.

आत सव्वाचार हजारांच्या वर कबरी आहेत. गवत इतकं नीट कापलेलं की चप्पल घालून चालायला संकोच वाटला. मेमोरियलकडे जायच्या आधी हिंदी सैनिकांच्या ओळींकडे वळलो. इतर दगडांवर पलटणींची चिन्हं असतात. आपल्याकडच्यांच्या दगडांवर ज्याचा जो धर्म त्याप्रमाणे मजकूर. एका ओळीत अरबी अक्षरं. आणि त्यांच्यापुढे दगडावर देवनागरी, 'ॐ भगवते नमः'. दिवसभर एक अक्षर ओळखीचं दिसलं नव्हतं. बायकोने ते मोठ्याने वाचलं, नेमप्लेट वाचावी तसं. काही दगडांवर नावच नाही. हिंदी सैन्यातल्या एका सैनिकाचा इथे सन्मान केला आहे, एवढंच.

क्षणभर मनात आलं, यातलाच एखादा त्यांचा असेल का? पण नाही. घाडगे कॅसिनोच्या लढाईत नव्हतेच. कॅसिनो मे १९४४ मध्ये पडलं, ४ जूनला रोम घेतलं, आणि त्यानंतर पाच आठवड्यांनी ते गेले, इथून कितीतरी उत्तरेला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. त्या बाजूला आरेत्सोच्या दफनभूमीत हिंदी सैनिकांच्या कबरी आहेत, त्यांतही निनावी दगड असतील. नाव मात्र या गावात. कबर नसलेल्यांसाठी संबंध इटलीतलं स्मारक इथे बांधलं म्हणून.

शिवाय हिंदू आणि शीख सैनिकांना दहन द्यायचे. ज्यांना दहन दिल्याची नोंद आहे त्यांच्यासाठी इटलीत वेगळी स्मारकं आहेत. सांग्रो नदीकाठच्या स्मारकावर पाचशेच्या वर नावं आहेत, फोर्लीच्या स्मारकावर त्याहून जास्त. घाडग्यांचं नाव त्यांत नाही. म्हणजे दहनाचीही नोंद नाही.

मेमोरियल मधोमध आहे. लांबट हौद, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना हिरव्या संगमरवराचे उंचच उंच फलक. नावं अकारविल्हे शोधायला जाल तर दिवस जाईल. आधी सैन्य, मग पलटण, मग हुद्दा, आणि त्या हुद्द्याच्या आत अक्षराप्रमाणे, अशी रचना असते. मी आधी हिंदी सैन्याचे फलक शोधले, मग मराठा लाइट इन्फंट्री, मग नाईक. शोधता शोधता शिंदे, पवार, जाधव, कदम असं वाचत गेलं की पंचायतीच्या मतदारयादीवरून नजर फिरवल्यासारखं होतं. माणगाव-महाडच्या कुठल्याही शाळेच्या हजेरीपटावर सापडतील ती नावं, रोमन लिपीत.

आणि मग ते सापडलं. नावापुढे व्ही. सी. ही दोन अक्षरं.

आता फोटो. मोबाइल वर धरला, काढला, बघितला. फोटोत हिरवट दगड, आकाश, आणि मी. नाव नाही. घासून गुळगुळीत केलेला संगमरवर आरशासारखा असतो, समोरून उजेड पडला की खोदलेलं अक्षर दिसेनासं होतं. डोळ्याला दिसतं, फोटोत येत नाही. दहा-बारा फोटो झाले. बायकोने ओढणी धरून सावली केली, तर अर्धं नाव आलं. शेवटी हौदाच्या काठावर बसून राहिलो. डबा आणला होता तो तिथे उघडला नाही, बरं वाटेना. ऊन कलायला लागलं, दगडाच्या बाजूने तिरपं आलं, आणि अक्षरांच्या खाचांत सावली भरली. तेव्हा कुठे नाव उठून आलं. एकच फोटो नीट आला, बाकीच्या फोटोंत मीच आहे. दगडी अक्षरांचे फोटो काढायचे असतील तर भर दुपारी जाऊ नका, हा माझा सल्ला.

नावाखालच्या दगडाला हात लावला. गार होता. खिशात माती नव्हती. काय करायचं असतं अशा वेळी तेही कळेना. भेटीच्या वहीत मी मराठीत लिहिलं, 'माणगावहून आलो आहोत.' खाली तारीख घातली.

पेरूजाला पोचल्यावर मुलगी म्हणाली, बाबा, ते ज्या डोंगरात लढले तो इथून तासाभरावर आहे. तिच्या मैत्रिणीची गाडी मिळाली आणि आम्ही मोंतोनेला गेलो. टेकडीच्या माथ्यावर वसलेलं, भिंतीआतलं चिमुकलं गाव. तिथे जुलै २०२३ मध्ये घाडग्यांच्या नावाचं स्मारक झालं. तिथल्या नगरपालिकेने आणि इटलीतल्या लष्करी इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून उभारलं. स्मारक म्हणजे सूर्यघड्याळ आहे. त्याचं बोधवाक्य लॅटिनमध्ये, 'ओम्नेस सुब एओदेम सोले', सगळे एकाच सूर्याखाली.

आम्ही गेलो त्या दिवशी सूर्य नव्हता. उंब्रिया भागात ऑक्टोबरात असं होतं म्हणे, आभाळ भरून येतं आणि दिवसभर तसंच राहतं. सावली नाही म्हणजे घड्याळ बंद. मुलगी हसली. मला कॅसिनोची दुपार आठवली, तिथे उन्हाने छळलं होतं.

पण तिथून खाली जे दिसलं ते माझ्या डोळ्यांसमोरून हटत नाही. खोरं. नदीकाठची सपाट शेतं, आणि दोन्ही बाजूंनी एकापाठोपाठ एक उठत गेलेले डोंगर, रानाने झाकलेले. ऑलिव्हची झाडं काढून टाकली आणि गवत थोडं ओलं केलं की काळ नदीचं खोरं झालं. जर्मन सैन्य रोमहून मागे हटत हटत उत्तरेकडे चाललं होतं आणि असा प्रत्येक डोंगर अडवून धरत होतं. घाडग्यांची दहावी डिव्हिजन या खोऱ्यातून वर सरकत होती, एकेक कडा घेत. माणगावच्या पोराला डोंगर चढायला शिकवावं लागलं नसणार. मुलीच्या मैत्रिणीला मी हे सांगायला गेलो, तिला वाटलं मी थकलोय, म्हणून तिने पाण्याची बाटली दिली.

इटलीत त्या युद्धात वीस व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले, त्यातले सहा हिंदी सैन्यातल्यांना. कमल राम तर कॅसिनोजवळच्याच गारी नदीवर लढले, आणि जगले. आमचे नामदेव जाधवही जगले. एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर त्यांनी दोन जखमींना सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर आणलं, मग तीन मशीनगनची ठाणी उडवली आणि बांधावर चढून शिवाजी महाराजांच्या नावाची गर्जना केली. ते १९८४ मध्ये पुण्यात वारले. घाडग्यांचं पदक घ्यायला मात्र त्यांच्या पत्नी दिल्लीला गेल्या. लाल किल्ल्यात, १९४५ मध्ये, व्हाइसरॉय वेव्हेलच्या हातून. पळसगावहून दिल्ली तेव्हा केवढी लांब असेल.

परत आल्यावर आठवड्याने आत्याकडे गेलो. लपवायचं काही नाही असं ठरवूनच गेलो. माती नेली नाही हे सांगितलं. समाधी नाही हेही सांगितलं. देह सापडला नाही, दहनाची नोंद नाही, फक्त नाव आहे. ती रागावेल असं वाटलं होतं.

"मातीचं काय, तुळशीत घातलीस ना," ती म्हणाली. आणि मग जरा वेळाने, "देह नसंल तर पळसाच्या पानांचा पुतळा करतात. त्याला अग्नी देतात. आमच्या आजेसासऱ्यांचा केलावता, ते बोटीवर गेले ते आलेच नाहीत. गावच पळसगाव, तिथं पानाला काय तोटा."

मग म्हणाली, "फोटू दाखव."

मी तो एकच चांगला आलेला फोटो काढून मोबाइल तिच्या हातात दिला. तिला इंग्रजी वाचता येत नाही. "यातलं कुठलं?" मी दाखवलं. तिने ज्या बोटाने कुंकू लावते त्या बोटाने नावाला हात लावला. फोटो सरकला आणि पुढचा आला, हिरव्या दगडातला मी.

"गेला की रं," आत्या म्हणाली. "आण परत."